आमची पोस्ट कोणी काढली? खासगी प्लॅटफॉर्म, भाषणस्वातंत्र्य आणि द्वेषाचा मजकूर : गोव्यातले नेहमीचे प्रश्न

राजभाषेचा वाद तापला, पंचायतीची निवडणूक आली किंवा कुणी कुणाच्या देवाबद्दल, संताबद्दल काही बोललं, की पुढचे प्रश्न हमखास येतात. विचारणारे बहुतेक फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरीकडचे मराठीत लिहिणारे. कुणी फेसबुकवर लिहितं, कुणी यूट्यूबवर बोलतं, कुणी वर्गणीदारांना ईमेलने लेख पाठवतं. मी वकील नाही. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वाचकांची पत्रं निवडण्यात बरीच वर्षं गेली, तेवढीच माझी पात्रता. नोटीस हातात पडली असेल तर हे पान बंद करून आधी वकील गाठा.

कंपनीने माझी पोस्ट काढली. हा माझ्या मूलभूत हक्काचा भंग नाही का?

सहसा नाही. घटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) मधलं भाषणस्वातंत्र्य मुख्यतः सरकारपासून संरक्षण देतं. खासगी कंपनीने तुमचा मजकूर ठेवायचा नाही असं ठरवलं, तर तो तिचा नकार. आम्ही डेस्कवर आठवड्याला ढीगभर पत्रं बाजूला ठेवायचो. लोकांनी फोनवर शिव्या घातल्या, पण हायकोर्टात कुणी गेलं नाही.

‘सहसा’ म्हणायला कारण आहे. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं, की अनुच्छेद १९ आणि २१ खालचे हक्क सरकार सोडून इतरांविरुद्धही मागता येतात. कंपन्यांच्या बाबतीत हे दार किती उघडेल ते पुढच्या खटल्यांत ठरेल. आज त्या एका वाक्याच्या भरवशावर कंपनीवर केस टाकायला निघू नका.

मग सरकारने सांगितलं म्हणून कंपनीने काढली असेल तर?

तर प्रकरण पूर्ण वेगळं, आणि माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. माझा पहिला उलटा प्रश्न नेहमी हाच असतो : नकार कोणाचा? पोस्ट दोन्ही वेळा गायबच होते, स्क्रीनवर फरक दिसत नाही. पण कंपनीचा नकार हा तिचा व्यवहार असतो. सरकारचा नकार घटनेच्या कसोटीला उतरावा लागतो, आणि ती कसोटी अनुच्छेद १९(२) मध्ये आहे. भारताचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी : बंधन घालायची कारणं एवढीच, आणि बंधनही ‘वाजवी’ हवं. मंत्र्याचा राग या यादीत नाही.

सरकारच्या हातात दोन वाटा आहेत. एक, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९क आणि त्याखालचे २००९ चे ब्लॉकिंग नियम. इथे निदान समिती असते, कारणं लिहून ठेवावी लागतात. दुसरी, कलम ७९(३)(ख). प्लॅटफॉर्मवर लोक जे टाकतात त्यासाठी कंपनीला कायद्याने ढाल दिलेली आहे. पण सरकारी सूचना आली आणि कंपनी हलली नाही, तर ढाल जाते. २०२४ पासून अशा सूचना ‘सहयोग’ नावाच्या पोर्टलवरून जातात. एक्स कंपनीने त्याला कर्नाटक हायकोर्टात आव्हान दिलं होतं, ते सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं गेलं.

कंपनीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एका बाजूला डिचोलीतल्या एका माणसाची पोस्ट, जिच्यातून तिला दमडी मिळत नाही. दुसऱ्या बाजूला कोट्यवधी ग्राहकांची बाजारपेठ आणि डोक्यावर खटल्याची टांगती तलवार. ती कोणासाठी भांडेल? म्हणून ‘कंपनीने स्वतःच काढली’ हे वाक्य ऐकलं की मी लगेच मान डोलावत नाही.

कोणाच्या सांगण्यावरून काढली, हे मला कळणार कसं?

बरेचदा कळत नाही, हीच तर तक्रार आहे. ब्लॉकिंग नियमांतला नियम १६ विनंत्या आणि कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. ‘कायदेशीर मागणीमुळे भारतात उपलब्ध नाही’ अशी पाटी दिसली, तर बोट सरकारकडे किंवा कोर्टाकडे. ‘आमच्या समुदाय नियमांत बसत नाही’ असं आलं, तर निदान कागदोपत्री कंपनीकडे. ही पाटी दिसली त्याच क्षणी स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. नंतर ती बदलते किंवा नाहीशी होते, आणि तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

‘अतिरेकी’ किंवा ‘द्वेषाचा’ मजकूर म्हणजे नेमकं काय? कुणालाही काहीही झोंबतं.

झोंबणं हा निकष नाहीच. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६क रद्द केलं, तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या काढल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करा, त्याचा हिरिरीने पुरस्कार करा, ते इतरांना कितीही नकोसं असो, दोन्ही चालतं. मजकूर चिथावणीपर्यंत पोचला की मग अनुच्छेद १९(२) चं काम सुरू होतं. (२०१४ मध्ये फेसबुकवरच्या राजकीय पोस्टसाठी गोव्यातल्याच एका अभियंत्यावर गुन्हा नोंदवला गेला होता, त्यातही ६६क होतं. त्या कलमाची दहशत आपल्याला परकी नव्हती.)

आता गावातलं घेऊ. तीन पोस्ट समजा.

पहिली : ‘भायल्यांच्या चाळी वाढल्या, टाकीतलं पाणी वाड्याला पुरत नाही, पंचायत झोपली आहे का?’ ही तक्रार आहे. ‘भायले’ (बाहेरून आलेले) हा शब्द बोचरा असेल, पण रोख पंचायतीवर आहे. ठेवावी.

दुसरी : ‘हे सगळे चोर. यांना घर भाड्याने देणाऱ्यावर बहिष्कार टाका.’ इथे मी अडखळतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये धर्माबरोबर जन्मस्थान, निवास आणि भाषा यांवरून वैर पसरवणंही येतं. तेव्हा ‘आम्ही धर्माबद्दल कुठे बोललो’ हा बचाव चालत नाही. पण अशी प्रत्येक पोस्ट गुन्हा ठरवली, तर अर्धा गोवा पोलीस ठाण्यात बसेल, घाटावरून आलेले आणि गोंयकार, दोघेही. प्लॅटफॉर्मने ती काढली तर मी रडणार नाही. सरकारने लिहिणाऱ्याला त्यासाठी आत टाकलं, तर मात्र विचारेन की बाबा, काय घडणार होतं?

तिसरी : त्याच चाळीचा फोटो, खाली ‘रविवारी सकाळी देवळाकडे जमा, साहित्य घेऊन या.’ यात शिवी एकही नाही. पण तिन्हींत धोकादायक हीच. माणसं ठरली, जागा ठरली, वेळ ठरली. शिव्या शोधणाऱ्या यंत्राला ती दिसतच नाही.

कायद्यात बसणारा मजकूरही कंपनीला नाकारता येतो?

येतो. आणि न नाकारणं हाही निर्णयच असतो, यातलं सर्वांत बोलकं प्रकरण ईमेलने लेख पाठवायची सोय देणाऱ्या सबस्टॅक कंपनीचं आहे. लेखकाने वर्गणी लावायची, वाचकाने भरायची, कंपनीने त्यातले १० टक्के घ्यायचे, असा हा धंदा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकाने दाखवून दिलं, की तिथल्या किमान १६ ईमेल-पत्रांच्या बोधचिन्हांत किंवा ठळक जागी उघड नाझी चिन्हं होती. काहींना वर्गणीचे पैसेही मिळत होते. डिसेंबरात कंपनीच्या संस्थापकांपैकी एकाने उत्तर दिलं. आशय असा, की नाझी आम्हालाही आवडत नाहीत, पण बंदी घालून किंवा पैसे बंद करून असे विचार जात नाहीत, उलट बळावतात. पुढच्या महिन्यात कंपनीने पाच पत्रं काढली, तीही हिंसेला चिथावणी देण्याच्या जुन्या नियमाखाली. धोरण बदललं नाही. ‘प्लॅटफॉर्मर’ हे नावाजलेलं पत्र तेवढ्यात दुसरीकडे निघून गेलं.

या भांडणात मी कुठे? मजकूर पडू देणं आणि त्याच्या कमाईतला वाटा घेणं, यांत मला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. ‘आम्ही फक्त जागा देतो’ हे गल्ल्यावर बसून म्हणता येत नाही. शिवाय हीच कंपनी अश्लील मजकूर नियमाने नाकारत होती. म्हणजे नाकारायला हात उचलतो. कशाला उचलतो आणि कशाला नाही, एवढाच प्रश्न.

मग अशा प्लॅटफॉर्मवर आपण मराठीत लिहावं की नाही?

हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं, बहुधा रात्री उशिरा, व्हॉट्सअॅपवर. सोडून जाणाऱ्यांचा मी आदर करतो, न जाणाऱ्यांना दोष देत नाही. मराठीतल्या छोट्या लेखकाने वाचक इथून तिथे नेले, तर निम्मे वाटेत गळतात. एक मात्र आजच करा : वर्गणीदारांची यादी आणि सगळे लेख स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. जायचं झालं तर जाता येईल, आणि काढलं तर उघड्यावर पडणार नाही.

अमेरिकेत तर काहीही बोलता येतं म्हणतात. मग तिथल्या कंपन्या कशाला काढतात?

कारण तिथली पहिली घटनादुरुस्तीही सरकारचेच हात बांधते. ब्रँडनबर्ग निकालापासून, म्हणजे १९६९ पासून, तिथे तात्काळ बेकायदा कृत्याला उद्युक्त करणारं आणि तसं घडण्याची शक्यता असलेलं भाषण एवढंच शिक्षापात्र चिथावणी ठरतं. नाझी स्वस्तिक मिरवणं कायदेशीर. पण कंपनीने काय ठेवावं हे तिचं संपादकीय स्वातंत्र्य आहे, असं २०२४ च्या मूडी विरुद्ध नेटचॉइस निकालात तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या बहुमताने म्हटलं.

आणि युरोपात?

उलटा कल. जर्मनीत नाझी चिन्हांचा प्रचार गुन्हाच आहे. युरोपीय संघात जून २०२२ पासून दहशतवादी मजकूर अधिकृत आदेशानंतर एका तासात काढावा लागतो. गंमत अशी, की जानेवारी २०२१ मध्ये ट्विटरने ट्रम्प यांचं अकाउंट कायमचं बंद केलं, तेव्हा नाराजी दाखवली ती जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल यांनी. मूलभूत हक्कावर मर्यादा घालायच्या तर त्या कायदेमंडळाने, कंपनीच्या मालकांनी नव्हे, असं त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं. नकार कोणाचा, हाच प्रश्न, फक्त उत्तर माझ्यापेक्षा वेगळं.

बंदी घातली की विष कमी होतं का?

त्या जागेपुरतं होतं. रेडिटने २०१५ मध्ये दोन द्वेषी समूह बंद केले. २०१७ च्या अभ्यासात दिसलं, की रेडिटवर टिकून राहिलेल्या त्या सदस्यांचं द्वेषाचं लिखाण किमान ८० टक्क्यांनी घटलं. पण २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासात हेही दिसलं, की हाकललेले समूह स्वतःच्या संकेतस्थळावर गेले की संख्येने लहान होतात आणि भाषेने काही बाबतींत जास्त कडवट. म्हणजे गर्दी कमी, उरलेले जहाल. दोन्ही खरं आहे. कुणी एकच अर्धं सांगत असेल तर दुसरं विचारा.

काही वेळा तर प्रश्न मताचा नसतो, निव्वळ वेगाचा असतो. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा बळी घेणाऱ्याने हत्याकांड फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या २४ तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्याचं कंपनीने सांगितलं, त्यांतल्या १२ लाखांहून जास्त चढवतानाच अडवल्या. कंपन्या अशा व्हिडिओंचे डिजिटल ठसे एकमेकींना देतात, म्हणून हे जमतं. इथे भाषणस्वातंत्र्याचा वाद घालणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

या कंपन्यांना आपली मराठी-कोंकणी कळते तरी का?

मराठी बरी कळते. कोंकणीचं विचारू नका. देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम अशा लिप्यांत लिहिली जाणारी, बोलणारे कमी, जाहिरातीचा पैसा त्याहून कमी. माझाच अनुभव सांगतो. रोमी लिपीतल्या कोंकणीत कुणीतरी एका वाड्याला सरळ धमकी दिली होती. मी तिचा मराठीत उतारा देऊन खाली लिहिलं, की असलं खपवून घेऊ नये. माझी पोस्ट संध्याकाळपर्यंत द्वेषाच्या नावाखाली उडाली. मूळ धमकी आठवडाभर तशीच, वर अंगठे. मी अपील केलं तेव्हा उत्तर आलं, की ‘पुनर्तपासणी केली, निर्णय कायम’. माणसाने तपासलं की यंत्राने, ते त्यात नव्हतं.

गोव्यात हे हसण्यावारी गेलं. म्यानमारमध्ये गेलं नाही. तिथे रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष फेसबुकवर वर्षानुवर्षं वाहिला आणि बर्मी भाषा जाणणारे तपासनीस तुटपुंजे होते. आपण पुरेसं केलं नाही, हे कंपनीने २०१८ मध्ये मान्य केलं. म्हणून ‘आणखी कडक नियम करा’ ही मागणी ऐकली की मला आधी विचारावंसं वाटतं, तुमच्या भाषेत वाचणारी माणसं किती ठेवली आहेत?

पोर्तुगीज सेन्सॉर आणि हे, सारखंच नाही का?

नाही, आणि ही तुलना सैलपणे करणाऱ्यांचा मला राग येतो. सालाझारच्या काळात सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे. सभेला परवानगी लागे. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी मोडली ती हीच बंदी. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. अकाउंट बंद झालेला माणूस रात्री घरीच जेवतो.

पण त्या इतिहासातून एक गोष्ट जरूर घ्यावी. १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीलगतच्या जंगलातून मुक्तीचं गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. त्या राजवटीच्या लेखी तो देशद्रोही प्रचारच होता. अतिरेकी कोण हे ठरवायचा अधिकार एकट्या सरकारकडे नको असं मी म्हणतो, ते यामुळे. आणि हे उदाहरण माझ्या बाजूने पूर्ण सोयीचंही नाही : आझाद गोमंतक दल सशस्त्र होतं, चौक्यांवर हल्ले करत होतं. चिथावणीची जी चाळणी मी वर लावली, तिच्यातून त्यांची पत्रकं सुटली नसती. याचं सुबक उत्तर माझ्याकडे नाही. मतपेटी आणि कोर्ट नसलेली राजवट आणि ती असलेलं राज्य यांना एकच माप लावता येत नाही, एवढंच म्हणेन.

संकेतस्थळ स्वतःचं आहे. पण सुरक्षा आणि होस्टिंग देणाऱ्यानेच हात वर केले तर?

२०१७ मध्ये संकेतस्थळांना सुरक्षा देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने ‘डेली स्टॉर्मर’ या नाझी संकेतस्थळाला सोडलं, २०१९ मध्ये एल पासो इथल्या गोळीबारानंतर ८चॅन या चर्चास्थळाला. पहिल्या वेळी कंपनीच्या प्रमुखानेच कबूल केलं, की हा आपला मनमानी निर्णय होता आणि एका माणसाच्या हातात एवढी सत्ता असणं बरं नाही. मला ते पटतं. सभागृहाच्या मालकाने कार्यक्रम नाकारणं वेगळं आणि वीज खात्याने भाषण आवडलं नाही म्हणून तारा तोडणं वेगळं. जितकं खाली जावं, तितका नकार दुर्मिळ आणि कोर्टाच्या आदेशाने असावा.

मी वाड्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचा अॅडमिन आहे. दुसऱ्याच्या पोस्टसाठी मला धरतील का?

मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी अॅडमिन फौजदारी जबाबदार ठरत नाही. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच हायकोर्टाचं. तरीही असा मजकूर दिसला की ‘हे इथे नको’ असं ग्रुपवर लिहून ठेवा आणि काढून टाका. पोलीस ठाण्यात फोन दाखवायची वेळ आली, तर ती एक ओळ उपयोगी पडते.

तक्रार करायची तर कुठे, कशी?

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक मध्यस्थाला (म्हणजे लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या कंपनीला) तो नेमून त्याचं नाव-पत्ता जाहीर करावा लागतो, आणि २४ तासांत पोच द्यावी लागते. उत्तर पटलं नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. वकील लागत नाही. ही समिती सरकारनेच नेमलेली आहे, हे लक्षात ठेवून जा. तुमची तक्रारच सरकारी आदेशाविरुद्ध असेल, तर ती वाट तुमची नाही. तुमची वाट पर्वरीला, हायकोर्टात.

५० लाखांहून जास्त भारतीय वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर आणखी एक बंधन आहे, जे फारसं कुणाला माहीत नसतं : स्वतःहून मजकूर काढला, तर वापरकर्त्याला कारण कळवायचं आणि वाद मांडायची वाजवी संधी द्यायची, असं नियम ४(८) सांगतो. पत्रात हा नियम क्रमांक लिहा. ‘माझी पोस्ट परत द्या’ यापेक्षा ‘नियम ४(८) प्रमाणे कारण द्या’ या वाक्याला उत्तर येण्याची शक्यता जास्त. सोबत पोस्टची लिंक, स्क्रीनशॉट, तारीख, आणि कोंकणी मजकूर असेल तर त्याचा अर्थ दोन ओळींत. राग दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवा.

आणि दुसऱ्याने मला धमकी दिली असेल, कंपनी काही करत नसेल तर?

कंपनीची वाट बघत बसू नका. जवळचं पोलीस ठाणं किंवा सायबर गुन्ह्यांचं राष्ट्रीय पोर्टल. त्या आधी लिंक कॉपी करा आणि प्रोफाइलचा पत्ता उतरवून घ्या. धमकी देणारा सकाळपर्यंत पोस्ट स्वतःच काढतो, आणि मग ठाण्यातला हवालदार विचारतो, ‘दाखवा, कुठे आहे?’